डावीकडं वळणारे हात

मालवण, मंगळवार

आबांना तृप्तीचा पाया पडून नमस्कार.

मी बरी आहे, जेवण बराबर चालू आहे. फोन केला असता तर रडले असते, म्हणून लिहून राह्यले.

ट्रायथलॉनचा, म्हंजी पोहणं, सायकल अन् पळणं अशा शर्यतीचा, कोच व्हायचं तर शिकणाऱ्यांना समुद्रात पोहत न्यावं लागतं. काल माझी परीक्षा होती. पाण्यावर खुणेला बांधलेल्या दूरच्या केशरी फुग्याकडं मी मान खाली घालून निघाले, चौघं शिकणारे माझ्या मागं. मंग एकदम पायाला वाळू लागली. वर बघितलं तर निघालो तिथंच परत आल्तो. सायकलीत अन् पळण्यात मी सगळ्यात पुढं, अन् इथं हे असं.

परीक्षा घेणाऱ्या सरांनी विचारलं, "पोहायला कुठं शिकलीस?"

"हसनाबादला, आमच्या विहिरीत," म्हणलं, अन् तेव्हाच ध्यानात आलं. विहिरीत आपण कायम डावीकडंच गोल फिरलो, आबा. माझ्या हातांना सरळ जाणं माहीतच न्हाई.

रविवारी पुन्हा परीक्षा आहे. आईला यातलं बिलकुल सांगू नका. तिचे गुडघे कसे आहेत?

धाकट्या छकुलीला पोहायला विहिरीत उतरवलं का? तिला उजवीकडंही फिरवत जा. हे पोरगी म्हणून न्हाई, कोच म्हणून सांगून राह्यले.

तुमचीच,
तृप्ती