सरकीला बांधू नये

...शीळ घातली, दोनदा हाक मारली, ती आली नाही. परत येऊन बसलो आहे. माझी कुत्री सरकी पुन्हा धुऱ्याच्या बांधापलीकडे, भाऊ चंद्रभानच्या वावरात गेली. मृत्युपत्राचा कागद बदलणार नाही. वर शाई फिसकटली आहे ती कुत्रीच्या पायानं, माझ्या हातानं नाही.

मी, जानराव सूर्यभान गावंडे, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षक, राहणार वलगाव, जिल्हा अमरावती. डोकं ठिकाणावर आहे. हात कापत नाही. कोणी सांगितलं म्हणून लिहीत नाही. परवा धुऱ्यावरच्या तारेला चिकटून एक रोही (नीलगाय) मेलं आणि सरकी त्याच्याभोवती शेपूट हलवत फिरत होती, म्हणून लिहितो. रोज पहाटे तिला आणायला मी त्याच तारेपाशी जातो.

१. राहतं घर आणि चार एकर वावर मुलगी पौर्णिमा, राहणार अकोला, हिला. तिनं विकलं तरी हरकत नाही.

२. माझी पत्नी रुख्मिणी हिची शिलाई मशीन शेजारच्या गीतांजलीबाईंना. रुख्मिणी गेल्यावर मशीनला तेल त्यांनीच घातलं.

३. अकरा वर्षांपूर्वी चंद्रभाननं, माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं, नांगरताना धुरा माझ्या बाजूला दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, सरकवला. त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही. पुढं मोजणी झाली. एकच तास निघाला. तरी मी बोललो नाही. तेवढी जमीन त्याला द्यावी. अट एकच, तार काढावी.

४. तारेविषयी. चंद्रभानचा मुलगा किशोर हरभरा राखायला संध्याकाळी तारेत करंट सोडतो, खुंटाला लाल फडकं बांधतो आणि अमरावतीला रात्रपाळीला जातो. सकाळी येऊन करंट बंद करतो, मग फडकं सोडतो. चंद्रभान त्याच्या आधी उठतो. फडकं दिसलं की थांबतो. नसलं की हातानं तार उचलून आत शिरतो. मीही फडकंच पाहतो. दोघा भावांत एवढंच बोलणं उरलं आहे.

५. सरकी. वजन चार किलो, तारेखालून सहज जाते. चंद्रभान तिला भाकर घालतो हे मला माहीत आहे. तिकडून तिनं उचलून आणलेल्या वस्तू लोखंडी पेटीत आहेत: एक दुपट्टा, खुरप्याची मूठ, चंद्रभानची डाव्या पायाची चप्पल. परत द्याव्यात. माझ्यामागं सरकी चंद्रभानची. तिला बांधू नये. मी एकदा बांधली होती. तिनं दोर कुरतडला आणि दोन दिवस जेवली नाही.

इथं सरकी आली. तोंडात लाल फडकं आहे.

साक्षीला बसलेला गोवर्धन म्हणाला, "मास्तर, किशोर तं गेला ड्यूटीवर. तार चालू हाय."

"हो."

"मंग चंद्रभानले सांगा ना जाऊन. सक्खा भाऊ हाय तुमचा."

"अकरा वर्सानं पैली गोष्ट काय बोलू? माह्या कुत्रीनं तुह्यं फडकं चोरलं?"

"हासंल तो. हासू द्या."

"फडकं मीच बांधून येतो."

"मी जातो ना! तुमी काहून?"

"तू सही कर. गीतांजलीबाई बी सहीसाठी कवाच्या खोळंबल्या."

हे बोलणं जसंच्या तसं उतरवलं, कारण मागाहून गोवर्धनला कोणी दोष देऊ नये.

६. याआधी मी काही लिहून ठेवलेलं सापडलं तर ते फाडावं.

सही: जा. सू. गावंडे
वलगाव, ९ डिसेंबर २०२३, दिवेलागण

आमच्यासमोर सही केली:
१. गोवर्धन इंगोले
२. गीतांजली तायडे

दुसऱ्या दिवशी सकाळी, गोवर्धन इंगोले याच्या हातची नोंद:

काल सही करून आम्ही दोघं घरी गेलो. पहाटे चंद्रभान धुऱ्यावर आले. खुंटाला फडकं होतं, दोन गाठी मारलेल्या, म्हणून ते थांबले. मास्तर तारेवर ओणवे पडलेले होते. पेटीतली चप्पल तारेपलीकडे, चंद्रभानच्या बाजूला, सरळ ठेवलेली होती. किशोरनं येऊन करंट बंद केला. सरकी चंद्रभानच्या गोठ्यात झोपली होती. तिला कोणी बांधलं नाही.