आयुधपूजेला बंद न पडलेली वेबसाइट

मी राघोत्तम राव, वय एकसष्ट, राहणार वेलचेरी, चेन्नई, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. शनिवारपासून ते बधिर झाले आहे हे खरे, पण त्याला कोणाचा दाब, दारू किंवा दुखणे कारण नाही. मार्चमधले माझे मृत्युपत्र मी या कागदाने रद्द करतो.

१. वेलचेरीची सदनिका आणि बँकेतली ठेव पत्नी तुळसीला. तळमजला घेऊ नका, पाणी शिरते, असे तिनेच बजावले होते. तेवढे एक मी ऐकले.

२. आता रद्द करण्याचे कारण. गिंडीत लोकांना वेबसाइट बांधून देणारी माझी कंपनी आहे. आमच्या सगळ्या वेबसाइट स्ट्रट्स नावाच्या तयार चौकटीवर उभ्या. एक बटण हलवायचे तर तीन फायली उघडाव्या लागतात. त्याला मी शिस्त म्हणत आलो. भाचा जनकोजी यावर मान डोलवायचा, म्हणून कंपनी त्याच्या नावे लिहिली होती.

३. आयुधपूजेला हत्यारांना विश्रांती, हा आमचा नेम. त्या दिवशी मी सर्व्हर बंद करून त्याला गंध-कुंकू लावतो आणि आमच्या कोवलमच्या ग्राहकाची, सुब्बांची, मासळीच्या भावांची वेबसाइट दिवसभर बंद राहते. ते दर वर्षी कुरकुरतात. या शनिवारी मी स्वतःच्या हाताने वायर काढली. तासाभराने सुब्बांचा फोन आला, "रोंब नन्री, सर! या वर्षी सुट्टी नाही दिली!" कसले आभार? मी संगणकावर पाहिले. वेबसाइट चालू! वंजरमचा, म्हणजे सुरमईचा, भाव नुकताच बदललेला! मी काढलेली वायर पुन्हा तपासली.

आमच्याच कंपनीत काम करणारी मुलगी संयुक्ता पुढे आली. "अप्पा, ऑगस्टातच ती रेल्सवर नेली. दुसऱ्या सर्व्हरवर हाय." रेल्स ही नवी चौकट. आमच्या पाच जणांना ज्याला सात महिने लागले, ते तिने एकटीने तीन आठवड्यांत नव्याने लिहिले. सुब्बांच्या वेबसाइटचे आमचे यंत्र अडीच महिने रिकामेच घरघरत होते, आणि मी रोज सकाळी त्यावर हात ठेवून ठणठणीत आहे म्हणत होतो. अजून मला हे खरे वाटत नाही.

"मला सांगितले का नाहीस?"

"तुमास सांगायास भय वाटलं, अप्पा. ऑफिसात सगळ्यांस वाटतं. जनकोजीसही ठाऊक होतं."

जनकोजीलाही!

४. जनकोजीला माझी स्ट्रट्सची अकरा पुस्तके. मान डोलवत वाचावीत.

५. माझा जुना भागीदार वेंकट दोन वर्षांपूर्वी स्ट्रट्स सोडा, हेच सांगत होता. मी त्याला सर्वांदेखत पळपुटा म्हणालो. माझे मनगटी घड्याळ त्याला द्यावे. नको म्हणाला तर आग्रह करू नये, तो त्याचा हक्क आहे.

६. कंपनी संयुक्ताला. उरलेल्या वेबसाइटही तिने खुशाल हलवाव्यात. माझे निदान एक तरी काम जसेच्या तसे ठेवावे, अशी अट इथे लिहिली होती. ती मीच खोडली आहे. तिच्या जागी ही अट: रेल्सही कधीतरी जुनी होईल. ते जो तिला तोंडावर सांगेल, त्याची नोकरी जाऊ नये. माझ्याकडे असे सांगणाऱ्या दोघांची मी घालवली.

स्थळ: वेलचेरी, चेन्नई
दिनांक: २४ ऑक्टोबर २००७

सही: राघोत्तम राव

आमच्यादेखत सही झाली:
१. गुरुमूर्ती, शेजारी
२. कामाक्षी, निवृत्त शिक्षिका