एका काचेवरची दोन यंत्रे

आदरणीय मेहुणे डेल्बर्ट यांस,

एव्हरेटचा सादर नमस्कार. आपल्या गुडघ्याची सूज उतरली असेल आणि विल्माबाईंचा खोकला थांबला असेल, अशी आशा करतो. माझी प्रकृती ठीक आहे. आर्डिथच्या दफनानंतर शेजारणींनी आणून दिलेल्या, ओव्हनमध्ये भाजलेल्या ट्यूनाच्या बारा कॅसरोलपैकी फ्रीजरमधले शेवटचे मंगळवारी संपले. (मला ट्यूना मासा आवडतो का, हे बाराजणींपैकी एकीनेही विचारले नव्हते.)

दफनाच्या दिवशी आपण मला पोलिसांचे वेग मोजणारे रडार ओळखून ओरडणारे नवे यंत्र दिलेत. "आर्डीचा डबा म्हातारा झालाय, एव्हरेटराव, हा लावा," असे म्हणालात. वास्तविक ज्याने चौतीस वर्षे बीजगणित शिकवले आणि वेगमर्यादा एकदाही ओलांडली नाही, अशा गृहस्थाला असल्या यंत्राची गरज नसते. परंतु आपला मान राखणे आवश्यक होते, आणि आर्डिथचे यंत्र (अंधारात सापडावी म्हणून तिने त्याच्या कळीला नखांचा लाल रंग लावला आहे) काढणे मला जमले नाही. म्हणून तिच्या गाडीच्या काचेवर मी दोन्ही बसवली.

थंडीभर ती गाडी गॅरेजमध्येच होती. गेल्या शनिवारी दफनभूमीकडे जाण्यासाठी प्रथमच बाहेर काढली, तोच दोन्ही यंत्रे किंचाळू लागली. मी वेग कमी केला. ती थांबेनात. आणखी कमी केला. मागे गुरांचा ट्रक, त्यामागे एकोणीस वाहने, आणि मी सावधगिरी म्हणून भर दुपारी दिवे लावलेले. समोरून येणाऱ्यांना ती अंत्ययात्रा वाटली. ते आपापल्या गाड्या कडेला थांबवून टोप्या काढू लागले. (आर्डिथच्या खऱ्या अंत्ययात्रेत अकराच वाहने होती. तिला ही गर्दी आवडली असती.)

अखेर शेरीफच्या कचेरीतल्या रूडी पोलिसाने मला थांबवले. बीजगणितात तो दोनदा नापास झाला होता. "मास्तर, ताशी अठ्ठावीस मैल? आणि यंत्रं दोन-दोन? अहो, बाईंना नऊ वर्षांत एकदाही पकडू शकलो नाही मी, आणि तुम्ही त्यांच्याच गाडीत गोगलगाय झालात!" मग त्याने समजावले की शेजारी ठेवलेली अशी यंत्रे एकमेकांनाच रडार समजून ओरडतात. पोलीस कुठेच नव्हते. "एक उपटा, मास्तर, म्हणजे दुसरं गप्प बसेल."

त्यानंतर बराच वेळ मला गाडी सुरू करता आली नाही. एक्केचाळीस वर्षे गाडी ती चालवायची आणि शेजारच्या आसनावर बसून मी "हळू" म्हणत राहिलो. गेल्या वसंतात तिच्यात चालवण्याचे बळ उरले नव्हते, म्हणून सूर्यास्ताला प्लॅट नदीत उतरणारे क्रौंच दाखवायला तिला मीच नेले. मर्यादेपेक्षा पाच मैल कमी वेगाने. "दाब की जरा, एव्हरेट! पक्षी काय आपल्यासाठी थांबणारेत?" वेळेत पोहोचू, हे मी तिला आकडेमोड करून सिद्ध करून दाखवले. ती आकडेमोड अकरा मिनिटांनी चुकली. अंधारात नुसता कलकलाट ऐकू आला. "आवाज तरी छान आहे," ती म्हणाली. ऑक्टोबरात ती गेली.

तरी आपले यंत्र सोबत परत पाठवीत आहे. कृपया राग मानू नये.

आपला नम्र,
एव्हरेट कुचेरा

ता. क. पत्र टपालात टाकण्यापूर्वी नदीवर जाऊन आलो. आर्डिथचे यंत्र वाटेत एकदाच वाजले, आणि खरे वाजले. मी ब्याऐंशीवर होतो. रूडीने गाडीतूनच टोपी काढली. अकरा मिनिटे आधी पोहोचलो. क्रौंच दिसले.

पुन्हा ता. क. क्रौंच नदीवर अजून दहा दिवस असतील. येत्या शनिवारी आपण याल का? शेजारी बसून "हळू" म्हणणारे कुणीतरी हवे आहे. काम अवघड नाही, मी शिकवीन.