रुचिताची मोठी आई

प्रिय नीलाताई,

फोन केला की तुम्ही "सगळे बरे ना?" एवढं विचारता आणि लगेच ठेवून देता. म्हणून हे पत्र.

सगळे बरे आहेत. प्रीतम आणि साई दिवसभर भांडतात. रुचिता इकडे आल्यावर सुरुवातीला त्यांच्यात मिसळेना. पहिल्यापासून एकत्र वाढलेल्या त्या दोघांची आपली एक वेगळीच भाषा, ती हिला कळायची नाही. दाराशी चपला घालून बसायची आणि "डोंबिवली" एवढंच म्हणायची.

ताई, तिळी झाली तेव्हा मी घाबरूनच गेलेले. ही सगळ्यात लहान. दूध ओढायचीही ताकद नव्हती, आणि दोघांच्या रडण्यात हिचा आवाज ऐकूच यायचा नाही. तुम्ही वर्तकनगरला आलात, तिला कुशीत घेतलंत आणि म्हणालात, "मृणाल, जरा बाळसं धरेपर्यंत हिला माझ्याकडे डोंबिवलीला राहू दे." स्वतःचं मूल नाही म्हणून जावेचं नेलं, असंही लोक बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत. भाऊ चालायला लागले तेव्हा ही नीट बसतही नव्हती. डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम तुम्ही रोज करून घेतलेत, ती रडली तरी. शेवटी तुमच्या स्वयंपाकघरात तिने पहिलं पाऊल टाकलं. ते सांगायला फोन केलात आणि बोलता बोलता रडायलाच लागलात.

शाळेचं वय झालं म्हणून तिला इकडे आणलं, तेव्हापासून तुम्ही फिरकला नाहीत. "तिचं मन तिथे लागू दे," म्हणालात. लागलंय, ताई. परवा तिने भावांना समोर बसवून वरणभात भरवला, प्रत्येक घासावर फुंकर मारत. साईने विचारलं, "तुला कोणी शिकवलं?" तर म्हणाली, "माझ्या मोठ्या आईने." तेव्हापासून दोघं माझ्या मागे लागलेत, आमची मोठी आई कुठेय म्हणून.

त्यांना काय सांगू, हे मी आणि रत्नदीपने ठरवलंय. तुमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये आम्ही भाड्याने जागा घेतलीय. शाळाही तिकडचीच. उत्तमभाऊजींना ठाऊक आहे, मीच त्यांना गप्प राहायला सांगितलं. तुम्ही लांब राहून रुचिताला माझ्याजवळ रुळू दिलंत. आता लांब राहायचं कारण उरलं नाही. रविवारी सामान येतंय. मला खोकी सोडायची आहेत, तेव्हा संध्याकाळपर्यंत पोरं तुमच्याकडे. तिघंही.

तुमचीच,
मृणाल