खडीसाखरेच्या बरणीतला हायपो

गिरगाव,
गणपती गेल्यानंतरचा सोमवार

प्रिय आनंदा यास,

श्यामकांतचा सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे आणि तुमच्या करी रोडच्या टॉवरची लिफ्ट, दोन्ही चालू असतील अशी आशा आहे. वहिनींना नमस्कार सांग. आम्ही इथे खुशाल आहोत, म्हणजे सरोजिनी खुशाल आहे आणि मी तिच्या नजरेखाली आहे. पत्र कशाला, म्हणशील. मी फोनवर बोलायला लागलो की ही गॅस बारीक करून ऐकते. (मला म्हणते, दूध उतू जाईल म्हणून.)

तुला आपली डार्करूम आठवते ना रे? तुझा कॅमेरा आणि माझी मोरी. दाराला घोंगडी, आत लाल दिवा, आणि बाहेर आंघोळीसाठी ताटकळलेले माझे वडील देवाचं नाव घेता घेता आपलं घ्यायला लागायचे. ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर आधी केस, मग डोळे, मग अख्खी सरोजिनी उमटली (तेव्हा ती समोरच्या बिऱ्हाडातली सरोजिनी होती, गॅलरीत कपडे वाळत घालणारी), तेव्हा तू चिमटा हातात धरून म्हणालास, "श्याम्या, लगीन कर हिच्याशी." तसला आनंद पुन्हा झाला नाही. तो फोटो अजून भिंतीवर आहे. पार पिवळा पडलाय, कारण चाळीचं पाणी जाईल म्हणून आपण तो धुतला न धुतल्यासारखा केला होता.

मोरीतलं दुकान मी अजून चालवतो. आमच्या घरात रिकामी बरणी टाकणं म्हणजे पाप, त्यामुळे फोटो उमटवणारा डेव्हलपर कोकम सरबताच्या बाटलीत आणि हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारे ते पांढरे खडे, खडीसाखरेच्या बरणीत. परवा गणपतीत प्रसाद कमी पडतोय म्हणून शेजारची वैशाली फडताळातून आपणच वाटी भरून घेऊन आली. आरती टिपेला पोचली आणि माझी नजर वाटीवर गेली. साखर इतकी स्वच्छ कधी नसते. आरती मध्येच थांबवणं आमच्या चाळीत आजवर कुणाला जमलेलं नाही, म्हणून मी टाळ्या वाजवत पुढे सरकलो, वाटी उचलली आणि मोरीत पळालो. आता सगळी चाळ म्हणते, डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून श्यामकाकांचं काही खरं नाही. कुणाच्या तोंडात खडा गेला नाही हे नशीब. पण पोरं त्या वाटीला खेटूनच उभी होती रे.

नैवेद्य मात्र त्याच वाटीचा दाखवून झाला होता. हायपोने चित्र कायमचं टिकतं हे सरोजिनीला इतक्या वर्षांत पाठ. ती म्हणाली, "आता विसर्जनाला बाप्पा हलतात का बघा." (हलले. ट्रॅफिकमुळे उशीर झाला, तोही माझ्याच माथी.)

मग सूनबाई आली. मेघना प्रयोगशाळेत असते, तेव्हा तिच्यापुढे बोलायची सोय नाही. खाण्यापिण्याच्या बाटल्या-बरण्या बाद. नव्या बाटल्यांवर नाव आणि तारीख, ॲसिड वेगळं, खालच्या खणात, कपाटाला कुलूप, मोरीला पंखा आणि मला हातमोजे. वापरलेला हायपोही मोरीत ओतायचा नाही, कॅनमध्ये साठवून तिच्याकडे द्यायचा. इतका बंदोबस्त बँकेतही नसेल. पण दिवाळीपासून तिची लेक मनवा आमच्याकडे राहणार, आणि मनवा दिसेल ते तोंडात घालते. सरोजिनी म्हणते, कुलूपबिलूप ठीक, पण बाटल्या घराबाहेर. तिचं बरोबर आहे, आनंदा. पण बाटल्या गेल्या की मोरीत नुसती आंघोळच उरते, आणि ते मला ह्या वयात सोसायचं नाही.

असो. लोभ आता वाढवायला जागा नाही, आहे तेवढा जप.

तुझा,
श्यामकांत

ता. क. तुमच्याकडे दोन बाथरूम आहेत आणि एकात कुणी आंघोळ करत नाही, असं तूच म्हणाला होतास. बाटल्या कपाटासकट घेऊन येतो. वहिनींना आधी काही बोलू नकोस.

ता. ता. क. आनंदभावजी, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. कपाट कुठेही जाणार नाही, किल्ली माझ्या कमरेला राहील. तुम्ही मात्र दिवाळीच्या आत येऊन जा. त्या फोटोची निगेटिव्ह माझ्या ट्रंकेत आहे, ह्यांना माहीत नाही. मनवाला आजी दाखवायची आहे, ती पिवळी नको. आता गच्चीवर टाकी आहे, पाणी जायचं नाही. ह्या खेपेला नीट धुवा.