शेपटीवरचे दात

प्रिय नोबुएताई,

रविवारी आमच्या चावीच्या खेळण्यांच्या मंडळाची बैठक झाली. तिथून उठून आलो तो अंगावरची शिसारी अजून जात नाही. आसाकुसातल्या एका खानावळीच्या माडीवर आम्ही पंधरा म्हातारे, पांढरे हातमोजे घालून, एकमेकांच्या खेळण्यांवर डोळा ठेवून बसलो होतो. हिसामात्सु म्हणून एकजण आहे, त्याने खोक्यासकट एक यंत्रमानव आणला होता. खोक्यात नाक खुपसून, डोळे मिटून म्हणतो कसा, "अहाहा! पोराचा हात लागलेला नाही हो याला!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खेळण्याला पोराचा हात लागला नाही याचं कौतुक! कुणी चावी फिरवायला गेलं तर हे लोक अंगावर धावून येतात. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या. चाळीस वर्षांत मला त्यांचा वाण नाही, पण गुण पुरेपूर लागला.

आपला यंत्र-सरडा बाबांनी कात्सुशिकाच्या कारखान्यात अमेरिकन छावणीतल्या रिकाम्या डब्यांच्या पत्र्यातून केला, तो दिवस मला आठवतो. पोट जोडायच्या आधी आतल्या बाजूला पीचचं चित्र दिसत होतं. आपल्या शेंडेफळाने, चार वर्षांच्या युकिओने, विचारलं, "बाबा, आत पीच आहे?" बाबांनी थट्टेने सांगितलं, "आहे की! शेपटीत लपलाय." झालं. दोन दिवस पठ्ठ्या शेपटी चघळत होता आणि तू ओरडत होतीस, "अरे उंदरा, पत्रा खातोस होय?" शेपटीवर चार बारीक खड्डे पडले. त्याच हिवाळ्यात तो तापाने गेला.

तेव्हापासून दर बोनला, पितर घरी यायच्या दिवसांत, तू देव्हाऱ्यापुढे युकिओला बसून यायला काकडीचा घोडा ठेवतेस, शेजारी सरडा ठेवून चावी देतेस. तो खडखडत कलिंगडाच्या फोडीपाशी गेला की म्हणतेस, "आला बघ आपला युकिओ." मी मागे हात जोडून उभा असायचो आणि खरं सांगू, माझं लक्ष त्याच्या उडालेल्या रंगाकडे असायचं.

यंदा स्प्रिंग तुटली. तू सरडा पाठवलास, सोबत चिठ्ठी: "फक्त स्प्रिंग बघ. बाकी कशाला हात लावू नकोस." स्प्रिंग एका संध्याकाळी झाली. मग मी छोटी हातोडी उचलली. हात आपोआप चालला असं लिहिणार होतो, पण ते खोटं ठरेल. पहिला खड्डा सवयीने काढला. दुसऱ्याला युकिओ आठवला. आठवला, ताई! तरीही तिसरा काढला, चौथा काढला, कारण अर्धी गुळगुळीत शेपटी वाईट दिसली असती. वर हिरवा रंगही दिला. आणि तो सरडा मिरवायला बैठकीला घेऊन गेलो. हिसामात्सुने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "वा कुनिओसान! आत्ताच दुकानातून आणल्यासारखा." मी खूश झालो. जिना उतरेपर्यंत खूश होतो. खाली आल्यावर शिसारी आली. हिसामात्सुची किळस आली म्हणावं, तर त्याने बिचाऱ्याने निदान कुणाचे दात पुसले नाहीत.

आज सकाळी मी शेपटी तोंडात धरून चावली. हस, हवं तर. माझी कवळी सरकली आणि पत्र्यावर दोन रुंद, वेड्यावाकड्या खुणा उठल्या. म्हाताऱ्याच्या. त्याही ठोकून सपाट केल्या. हे लिहितानासुद्धा मला माझ्या हातांची घाण वाटते.

बोनला आठ दिवस आहेत. सरडा मी स्वतः घेऊन येईन. तू दारातून आत घेतलंस तर येईन, नाहीतर पायरीवर ठेवून परत जाईन. पण चावी देताना तू शेपटी धरतेस आणि तुझा अंगठा नेहमी त्या चार खड्ड्यांवर टेकतो, हे मी इतकी वर्षं पाहिलंय. यंदा तो घसरेल. ते तुला देव्हाऱ्यापुढे, युकिओसमोर कळू नये, म्हणून आधी हे पत्र.

तुझाच धाकटा,
कुनिओ