कपलिंगवरची जाळी

सोमवार, ६ जानेवारी

मांजरसुंब्याला एसटी आलीच नाही. बॅग घेऊन ताटकळत उभी होते, तेवढ्यात साखर कारखान्याच्या चेअरमनची, अमरसिंहदादांची गाडी थांबली. आत फक्त ड्रायव्हर. आमच्या प्राचार्यांनी दादांना फोन केला होता म्हणे. दादांना मी पोस्टरवर सोडून कधी पाहिलेलं नाही. पण मी त्यांच्या गाडीतून उतरले आणि वॉचमनने कडक सलाम ठोकला! पॉलिटेक्निकात इतकी वर्षं शिकवतेय, शिपाईसुद्धा उठत नाही.

प्राचार्यांची टूम अशी— शिक्षकांनी हंगामात कारखान्यात राहायचं, चालू यंत्रं बघायची आणि मग वर्गात शिकवायचं. मी पंप शिकवते. फळ्यावरचे.

मंगळवार, ७ जानेवारी

जाईन तिथे खुर्ची! मिलपाशी खुर्ची, बॉयलरपाशी खुर्ची. चीफ इंजिनिअर म्हणाले, "दादांच्या पाहुण्या तुम्ही, कशाला धुळीत फिरता?" 'पाहुणी नाही हो मी, गाडी नुसती प्राचार्यांच्या फोनमुळे आली,' असं सरळ सांगायचं ना! नुसती हसले. खरं सांगू? बरं वाटत होतं.

गुरुवार, ९ जानेवारी

आज रसाचा पंप पाहिला. गरम रसाचा वास, कानठळ्या बसवणारा आवाज— पुस्तकात यातलं काही नाही. मोटर आणि पंप यांना जोडणारं कपलिंग उघडंच गरगरतंय! त्यावर लोखंडी जाळी हवी. नाथा नावाचा ऑपरेटर अगदी शेजारी वाकून तेल घालतो, गळ्यातली दस्ती लोंबतेय. अडकली तर? फोटो काढला. वर्गाला दाखवायला झकास.

नाथाला मात्र काही विचारलं नाही. खुर्चीतून उठले असते तर विचारलं असतं.

शुक्रवार, १० जानेवारी

मीटिंगमध्ये चीफनी विचारलं, "मॅडम, तुमचं निरीक्षण?" सगळे माझ्याकडे बघत होते. म्हटलं, "रसाच्या पंपावरचा ऑपरेटर जाळी न लावताच काम करतो. असल्या बेफिकिरीनेच हात जातात." चीफ मान खाली घालून काहीतरी लिहीत राहिले. मला वाटलं, माझं बोलणं उतरवून घेताहेत!

शनिवार, ११ जानेवारी

गेस्टहाउसवर साखराबाई स्वयंपाक करतात. सकाळी भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "बाई, नाथाला गेटबंद केलं की वो, कामावर घेत न्हाईत. तुमीच म्हनलात म्हनं."

त्यांच्याकडूनच कळलं— जाळी वाकली होती, कपलिंगला घासत होती. म्हणून हंगामाच्या तोंडावर खुद्द चीफनीच ती काढायला लावली. "नाथा बोलला बी, सायेब, बसवा म्हनून. तर म्हनले, हंगाम उरकू दे बे."

जाळी नाही, एवढंच म्हणायचं होतं. त्यात 'ऑपरेटर' कुणी घातला? मी. बेफिकिरी कुणाची, हे न विचारता! आणि चीफ समोर बसून गप्प राहिले.

प्राचार्यांना फोन केला. "कारखाना कॅम्पस इंटरव्ह्यूला येणार आहे, मॅडम. संबंध बिघडवू नका."

रविवार, १२ जानेवारी

चीफच्या केबिनच्या दारापर्यंत गेले. परत आले.

सोमवार, १३ जानेवारी

आज गेले आत. मी काही बोलायच्या आधीच चीफ म्हणाले, "दादांच्या कानावर जायच्या आधी ॲक्शन घेतली, मॅडम!" म्हणजे माझ्या शब्दाला किंमत नव्हतीच. गाडीला होती.

मग मी काय करावं? खरं सांगायला गेलेली मी— "नाथाला परत घ्या, नाहीतर दादांशीच बोलते," म्हणाले. न ओळखणाऱ्या माणसाच्या नावावर! चीफचा चेहरा पडला. दुपारच्या पाळीला नाथा कामावर.

गेटपाशी वाकून नमस्कार केला त्याने. "दादाला आमचा रामराम सांगा, बाई. तुमी होता म्हनून." मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंबर मात्र मागून घेतला त्याचा.

बुधवार, २२ जानेवारी

पॉलिटेक्निकात परतले. वर्ग असा कधी नव्हता! फोटो दाखवला. वास सांगितला, आवाज सांगितला, चालू हंगामात पंप थांबवायला कुणी का तयार नसतं तेही सांगितलं. मागच्या बाकावरचे पुढे सरकले. मी गोष्ट मात्र मला सोयीची तेवढीच सांगितली. मीटिंग गाळली, नाथाचं गेटबंद गाळलं.

वडवणीहून येणारी रोहिणी उठली. "मग जाळी बसवली का, मॅडम?"

"हो," म्हणाले.

का म्हणाले? मला तर माहीतच नव्हतं. नाथा परतला एवढ्यावर मी सुटले होते.

गुरुवार, २३ जानेवारी

नाथाला फोन लावला. "जाळी? न्हाई वो. तशीच हाय." मग थांबून म्हणाला, "तुमी लई केलं माझ्यासाठी. जाळीचं नाव कुनी काडलंच न्हाई."

कुणी नाही. मीसुद्धा नाही! केबिनमध्ये एवढा रुबाब केला, चीफना घाम फोडला. त्याच दमात जाळी मागितली असती तर त्याच दिवशी बसली असती. मी फक्त माझ्या मनाची टोचणी घालवली आणि नाथाला त्याच उघड्या कपलिंगपाशी नेऊन उभं केलं. हे लिहितानासुद्धा तो तिथे वाकलेला असेल. स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

शुक्रवार, २४ जानेवारी

वर्गात सगळं सांगितलं. दादांचं, नाथाचं, परवाच्या 'हो'चं. रोहिणीने पेन उघडलं. "मापं सांगा, मॅडम. वर्कशॉपमध्ये जाळी आपणच करू."

मापं माझ्याकडे नव्हतीच. इतके दिवस खुर्चीत बसून होते!

उद्या टेप घेऊन जाते. एसटीने.